नौपाड्यातला जुना गावठी गुलाब उचलून त्याचं बोन्साय होईल का?

गच्चीवाली, ठाणे

नमस्कार मंडळी. आमची नौपाड्यातली सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेलीय, दिवाळी झाली की जागा रिकामी करून द्यायची. कंपाउंडच्या भिंतीलगत सासूबाईंनी लावलेला गुलाबी गावठी गुलाब आहे, गुलकंदाचा असतो ना, तोच. त्याचं वय नक्की सांगता येणार नाही, पण मी लग्न होऊन आले तेव्हा तो होता, आणि आता माझी मुलगी नोकरीला लागलीय. बुंधा जमिनीलगत माझ्या मनगटाहून जाड आहे. साल राखाडी, भेगाळलेली. वर मात्र वेड्यावाकड्या लांबच लांब फांद्या.

भाड्याचा फ्लॅट घोडबंदर रोडला मिळालाय. चौदावा मजला, बाल्कनी पश्चिमेला. ड्रममध्ये एवढं झाड ठेवायला जागा नाही, म्हणून बोन्सायचं डोक्यात आलं. घरी फायकस आणि जेड आहेत, त्यामुळे तार बांधणं, मुळं छाटणं अगदीच नवीन नाही. पण गुलाबाच्या बोन्सायवर जे काही सापडतं ते सगळं बटण गुलाबाबद्दल, म्हणजे त्या छोट्या फुलांच्या बुटक्या गुलाबाबद्दल. जुना बुंधा उचलला तर जगेल का? फुलं लहान होतात का? आणि त्या बाल्कनीत दुपारी एक ते सहा थेट ऊन असतं, ते चालेल का?

कामिनीप्रेमी, डोंबिवली

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. गुलाब म्हणजे झुडूप. त्याला ना वडासारखा बुंधा, ना पारंब्या, ना बारीक पानं. राणीच्या बागेतल्या प्रदर्शनात बोन्सायच्या टेबलावर वड, बोगनवेल, कामिनी दिसतात, गुलाब मी क्वचितच पाहिलाय. आठवण म्हणून चार फांद्या लावा, आणि बोन्सायला कामिनी घ्या. पांढरी फुलं, तीही वासाची, पान आपोआप लहान होतं.

टूलरूम, नेरूळ

ताई, कामिनीवाल्यांचं निम्मं बरोबर आहे. गुलाब झुडूपच आहे. पण मनगटाएवढा बुंधा नर्सरीत कोणी विकत देत नाही. बटण गुलाब जन्मभर ट्रेमध्ये ठेवला तरी एवढा जाड होणार नाही. तुमच्याकडे तो आयता आहे, तर जेसीबीच्या तोंडी देऊ नका.

आधी एक तपासा. अगदी बुडातून येणाऱ्या फुटव्यांनाही तेच गुलाबी फूल येतं का? येत असेल तर झाड स्वतःच्या मुळावर आहे, म्हणजे खालून काहीही फुटलं तरी ते तुमचंच. वेगळं फूल आलं, किंवा त्या फुटव्यांना कधीच फूल येत नसेल, तर डोळा भरून, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या खोडात फुटीचा डोळा बसवून, केलेलं कलम असण्याची शक्यता जास्त. मग जमिनीलगतची गाठ शोधा आणि तिच्या खालची प्रत्येक फूट बोटाने मुळापासून ओढून काढा. कात्रीने कापली तर पुन्हा येते. एका देठावर सात पानं म्हणजे जंगली आणि पाच पानं म्हणजे कलमी, हे जे नर्सरीवाले सांगतात त्यावर जाऊ नका. कितीतरी चांगल्या गुलाबांना सात पानं येतात.

आता मुख्य गोष्ट. वडाची फांदी तुम्ही एकदा घडवलीत की ती वर्षानुवर्षं तुमची. गुलाबाचं तसं नाही. त्याची फांदी तीन-चार वर्षांत थकते, फुलं कमी होतात, आणि झाड तिला सोडून बुडातून नवा जोरकस फुटवा काढतं. त्या फुटव्याला मोकळं सोडलं की वरच्या जुन्या फांद्यांचा रस तोच खातो, आणि एक दिवस तुमचा सुंदर घडवलेला शेंडा वाळलेला दिसतो. लोक म्हणतात रोग पडला. रोग कसला, झाड त्याच्या स्वभावाने वागलं. म्हणून बुंधा कायमचा आणि फांद्या बदलत्या, असंच धरून चाला. दरवर्षी एखादी जुनी फांदी काढायची, पण तिच्या जागेची नवी आधीच तयार ठेवायची. बाकीचे फुटवे बोटभर असतानाच खुडायचे. हे ज्याला जमत नाही त्याने खरंच कामिनी लावावी.

उचलण्याची घाई करू नका, पण आजच सुरुवात करा. बुंध्यापासून 25–30 सेंटिमीटरवर अर्धवर्तुळात चर खणा, आड येणारी जाड मुळं करवतीने साफ कापा, आणि चर कोकोपीट आणि वाळूने भरून टाका. त्या बाजूला बारीक मुळं धरू लागतील. महिन्याभराने उरलेलं अर्धं वर्तुळ. दिवाळीनंतर मातीच्या गोळ्यासकट गोणपाटात बांधून उचला. माती धुवायची नाही, फायकसची सवय इथे चालत नाही.

वरची छाटणी करताना एकच नियम पाळा. जुन्या राखाडी सालीतून नवा डोळा फुटेलच असं गृहीत धरू नका. प्रत्येक जाड भागावर एक तरी जिवंत हिरवी फांदी ठेवून तिच्या वर कापा. गुलाबाच्या फांदीचा गाभा मऊ असतो, कापलेल्या तोंडातून पाणी आत गेलं की मर खाली सरकत येते. काप तिरपा घ्या, वर बोर्डो पेस्ट लावा. 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या दोन वेगळ्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवायचा आणि मग एकत्र करायचा. लोखंडी भांडं नको. बोन्सायवाले जुनिपरवर वाळकं लाकूड कोरून जी शोभा आणतात, ती गुलाबावर करू नका, आपल्या पावसात ते लाकूड कुजतं.

आणि लगेच बोन्सायच्या ट्रेमध्ये नको. भाजीच्या प्लास्टिक क्रेटला आतून ग्रीन नेट लावा, त्यात किमान एक वर्ष वाढू द्या. पुढे ट्रे घ्याल तोही 10–12 सेंटिमीटरपेक्षा उथळ नको.

गच्चीवाली, ठाणे

काका, इतकं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. आज संध्याकाळी खाली जाऊन बघितलं. बुडाच्या फुटव्यालाही तीच गुलाबी कळी आहे, म्हणजे स्वतःच्या मुळावरचा दिसतोय. चराचं काम वॉचमनदादांना सांगितलंय.

पण फुलांचं राहिलं. आत्ता मोजलं तर फूल सात-आठ सेंटिमीटरचं भरतं. फूटभर उंचीच्या झाडावर ते कसं दिसेल?

पानफुटी, ऐरोली

विचित्र दिसेल. 😄 बोन्सायमध्ये पान थोडं लहान होतं, फूल होत नाही. ही अडचण गुलाबालाच नाही, जास्वंदीलाही आहे. मी असते तर त्या बुंध्यावर नवीन हिरव्या फांद्या आल्या की त्यांवर बटण गुलाबाचे डोळे भरले असते. टी आकाराचा काप, डोळा आत सरकवायचा, पट्टी बांधायची. दोन-तीन आठवड्यांत डोळा हिरवाच राहिला तर समजायचं की लागला. बुंधा जुना, फुलं नखाएवढी, प्रमाण एकदम जमतं.

टूलरूम, नेरूळ

तंत्र म्हणून पानफुटीताई बरोबर सांगतायत, होतं ते. पण मला पटत नाही. बहुतेक बटण गुलाबांना वास नसल्यातच जमा. सासूबाईंच्या झाडाचा बुंधा ठेवून त्यावर बिनवासाची फुलं आणायची, तर मग ते झाड वाचवलं कशाला?

ताई, झाड मोठं ठेवा. फूटभर नाही, दोन फूट. एवढी उंची आणि तेवढा बुंधा असला की सात सेंटिमीटरचं फूल अंगावर येत नाही. एका वेळी तीन-चारच कळ्या ठेवा, बाकीच्या मटारएवढ्या असताना खुडा. पहिलं वर्षभर तर एकही फूल घेऊ नका, सगळी ताकद मुळांना जाऊ द्या. फुलाचा मोह आवरत नसेल तर कळी खुडायचं काम दुसऱ्या कोणाला द्या.

पानफुटी, ऐरोली

वासाचा मुद्दा मान्य. तरी एका फांदीवर डोळा भरून बघायला काय हरकत आहे, एवढंच म्हणते. आणि ताई, छाटलेल्या फांद्या फेकू नका हां. पेन्सिलीएवढ्या जाडीचे, 15–20 सेंटिमीटरचे तुकडे कोकोपीटमध्ये लावून ठेवा. बुंधा नाही जगला तरी वाण तरी हातात राहील.

गच्चीवाली, ठाणे

तुकडे नक्की लावते, आठ-दहा तरी. डोळ्याचं नंतर बघू. आता ऊन आणि तार, दोन्हींबद्दल सांगाल का? फायकसला मी दोन मिलिमीटरची अॅल्युमिनियमची तार वापरते.

टूलरूम, नेरूळ

गुलाबाला पाच-सहा तास ऊन लागतंच, त्यामुळे पश्चिम चालेल. उचलल्यावर दोन-तीन आठवडे मात्र 50 टक्के शेडनेटखाली ठेवा, आणि नवी फूट दिसेपर्यंत खत शून्य. खरी परीक्षा मार्च ते मे. चौदाव्या मजल्यावरचा वारा आणि तापलेली फरशी, दोन्ही मिळून ट्रे दुपारपर्यंत कोरडा करतात. क्रेट थेट फरशीवर न ठेवता विटांवर ठेवा. त्याच दिवसांत पानाखाली लाल कोळी ही बारीक कीड येते, पान करपल्यासारखं फिकट दिसायला लागतं. सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारला तर बराच आटोक्यात राहतो.

पावसाळ्यात उलट. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला पान सात-आठ तास सलग ओलं मिळालं की पुरतं, आणि ठाण्यात जुलैमध्ये ते रोजच मिळतं. झाड आत सरकवा, छज्जाखाली घ्या, पाणी फक्त मातीत द्या, गळलेलं पान त्याच दिवशी उचला. पश्चिमेचा पाऊस थेट आत मारतो, हे भाडेकरार करताना घरमालक सांगत नाहीत.

तार दोनची नको, दीडची घ्या, आणि फक्त हिरव्या फांदीवर. फांदी तपकिरी झाली की वाकवताना तडकते. गुलाबाचा काटा लाकडातून येत नाही, सालीवरच असतो. बाजूला दाबला की टचकन निघतो. तार जाईल तेवढ्याच जागेचे काटे काढा. महिना-दीड महिन्यात तार सोडा, नाहीतर सालीत रुतेल. जी फांदी आधीच जाड झालीय ती तारेने न गुंडाळता दोरीने क्रेटच्या कडेला थोडी थोडी ताणत न्या.

गच्चीवाली, ठाणे

शेवटचा प्रश्न, मग छळत नाही. क्रेटमध्ये मातीऐवजी भरायला विटांचे तुकडे वापरतात ना बोन्सायवाले? शेजारच्या बिल्डिंगचं पाडकाम चालू आहे, तिथे ढीग पडलाय. फुकट मिळेल.

टूलरूम, नेरूळ

तो ढीग नको. त्या विटांना प्लास्टर आणि सिमेंट चिकटलेलं असतं, त्याचा चुना मातीत उतरतो. गुलाबाला किंचित आम्ल माती लागते, पीएच 6 ते 6.5. चुना वाढला की नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. भट्टीची कोरी लाल वीट घ्या, हातोडीने फोडा, आणि चाळून 3 ते 6 मिलिमीटरचे तुकडे ठेवा. खाली पडणारी पूड टाकून द्या, ती राहिली तर चिखल होतो. दोन भाग वीट, एक भाग कोकोपीट, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत आणि वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट आधी दोनदा धुवा, कधीकधी त्यात मीठ असतं.

आणि तुमच्या त्या वॉचमनदादांना सांगा, चर खणताना बुंध्याला फावडं लागू देऊ नका.