बेबी हिंदुस्तानला इंडिकेटर बसवायचेत आणि ब्रेक लाइटचं पण कोडं आहे

मायनरवाला_पुणे
नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९५३ ची बेबी हिंदुस्तान आहे, म्हणजे मॉरिस मायनरच. आजोबांनी घेतलेली, बरीच वर्षं नुसती उभी होती, आता इंजिन आणि ब्रेक करून चालती केलीय. खांबातून बाहेर येणारे ट्रॅफिकेटरचे हात दोन्ही बाजूंचे मस्त चालतात पण पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये त्यांच्याकडे बघतं कोण, मागचा स्कूटरवाला हात बाहेर आला तरी त्याच बाजूने घुसतो. म्हणून पुढेमागे लुकलुकणारे इंडिकेटर हवेत.
मागच्या लाल दिव्यात दोन फिलामेंटचा एकच बल्ब आहे, एक टेलचं एक ब्रेकचं. वायरमन म्हणतो ब्रेकच्याच फिलामेंटवर इंडिकेटर देतो, वेगळा दिवा कशाला. चालेल का असं? आणि दुसरं, रात्री टेल चालू असताना ब्रेक दाबला की डावीकडचा दिवा उजळायच्या ऐवजी मंद होतो. बल्ब बदलून बघितला, फरक नाही.
बॉडीला भोकं पाडायची नाहीत, ट्रॅफिकेटर काढायचे नाहीत. गाडी अजून पॉझिटिव्ह अर्थच आहे, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला, तशीच ठेवायचीय.

सातारकर_काका
आधी ब्रेकचं बघ, इंडिकेटर नंतर. ही शंभर टक्के अर्थची भानगड आहे. दोन्ही फिलामेंटला परतीची वाट एकच, बल्बच्या टोपीतून होल्डरला आणि होल्डरमधून बॉडीला. ती वाट गंजली की ब्रेकचा करंट वाढल्यावर दोघांनाही व्होल्टेज कमी पडतं. खात्री करायची असेल तर टेल बंद ठेव आणि फक्त ब्रेक दाबायला सांग कुणाला तरी, पुढचे साइड लाइट अंधारात बारीक पेटलेले दिसले तर समज की करंट टेलच्या फिलामेंटमधून उलटा शिरून दुसऱ्या दिव्यांच्या वाटेने घरी जातोय.
दिवा खोल, बॉडीवर जिथे तो टेकतो तिथला रंग कानशीने खरवड, चकचकीत पत्रा दिसला पाहिजे. नवीन रंगकाम झालेल्या गाड्यांत हे हमखास होतं, पेंटरने स्क्रूच्या भोकात पण रंग मारलेला असतो. दातेरी वॉशर घाल, घट्ट कर आणि वरून व्हॅसलिन लाव. मी तर होल्डरला वेगळी काळी वायर सोल्डर करून थेट चासीच्या बोल्टला नेतो, मग कटकटच नाही.

रिले_राजा
काकांशी सहमत. आता इंडिकेटर. वायरमन म्हणतो ते नुसतं स्विच मध्ये टाकून होत नाही हो, ब्रेक दाबलेला असताना त्या बाजूचं फिलामेंट ब्रेकपासून तोडून फ्लॅशरवर, म्हणजे दिवा लुकलुकवणाऱ्या डबीवर, न्यावं लागतं नाहीतर दिवा सलग पेटलेला राहतो, लुकलुकणार कुठून. जुन्या एमजीए आणि ऑस्टिन हीली गाड्यांमध्ये यासाठीच लुकस कंपनीचा डीबी१० नावाचा रिलेचा डबा असायचा, रिले म्हणजे छोट्या करंटवर चालणारा स्विच. आज ते करायचं तर दोन पोलचे चेंजओव्हर रिले लागतील, एक पोल पुढच्या दिव्याला आणि एक मागच्या. होतं, पण माझं स्पष्ट मत आहे की वेगळे पिवळे दिवे लावा. लाल दिव्यातच लाल लुकलुकलं तर मागच्याला ब्रेक वाटतो.
तुमच्या गाडीत खरी मजा ट्रॅफिकेटरमुळे आहे. त्यांच्या स्विचमधून सलग करंट येतो, तोच रिलेच्या कॉइलला द्यायचा. प्रत्येक बाजूच्या ट्रॅफिकेटरच्या वायरवरून एक फांदी काढून साध्या चार पिनी रिलेच्या ८६ नंबरच्या पिनला द्या, ८५ नंबरची बॉडीला. फ्यूजबॉक्सच्या ए४ वरून म्हणजे इग्निशनच्या फ्यूजनंतरच्या हिरव्या वायरवरून फ्लॅशरला सप्लाय, फ्लॅशरमधून दोन्ही रिलेच्या ३० ला, आणि ८७ वरून त्या त्या बाजूचे पुढचा मागचा दिवा. हात पण बाहेर येणार आणि दिवे पण लुकलुकणार, मूळ स्विचला हात लावायची गरज नाही. रंग उडालेल्या कापडी वायरींवर विश्वास ठेवू नका, टेस्ट लॅम्पनेच ओळखा.
लोडचं म्हणाल तर २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे साडेतीन अँपिअर, ब्रेकचे आणखी तेवढेच, वर वायपर. लुकसच्या काचेच्या ३५ च्या फ्यूजला आरामात झेपतं. मात्र तो ३५ चा आकडा उडायचा आहे, सलग १७ च धरायचे, त्यामुळे बाजारातला ३५ अँपिअर सलग चालणारा फ्यूज त्या जागी टाकू नका, वायर आधी जळेल.

मायनरवाला_पुणे
काका, साइड लाइट खरंच बारीक पेटत होते! डावीकडच्या स्क्रूखाली जाड रंग निघाला, साफ केल्यावर ब्रेक लख्ख. रिलेवाल्या दादांचं सर्किट वायरमनला दाखवलं, तयार झाला. एलईडी टाकू का, करंट वाचेल? आणि फ्लॅशर कोणता घेऊ?

बंपर_टू_बंपर
एलईडी नको. जुना दोन पिनी थर्मल फ्लॅशर बल्बच्या करंटवरच तापून उघडमीट करतो, एलईडीला तो लुकलुकतच नाही किंवा कसाही वागतो. तिसरी अर्थची वायर असलेले इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बहुतेक निगेटिव्ह अर्थ धरून बनवलेले असतात, तुमच्या गाडीला ते सरळ लावले तर जातील. साध्या थर्मलला पोलॅरिटीशी देणंघेणं नाही, दोन २१ वॅटचा घ्या. रिले पण आत डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) नसलेलाच बघा. लुकलुक मिनिटाला ६० ते १२० मध्ये हवी.
दिवे बंपरच्या बोल्टलाच पट्टी अडकवून लावा, भोक लागत नाही. २०२१ च्या नियमांत ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवताना चासी, बॉडी शेल आणि इंजिन मूळचं लागतं, पुढेमागे ती व्हीए नंबर प्लेट घ्यायची असेल तर बॉडी न कापलेलीच बरी. बंपरचे बोल्ट गंजतात, म्हणून तिथल्या दिव्यांना पण काकांसारखी वेगळी काळी वायर न्या. दिवे जुन्या बाजारात रविवारी मिळून जातील, काच पिवळी आणि होल्डर पितळी बघून घ्या, पत्र्याचा नको.