मदत हवी आहे : बाळंतिणीचा भाजून झालेला मृत्यू कुठे धरायचा?

धारणी तालुक्यातल्या काही गावांत १५ ते ४९ वयाच्या बायकांच्या मृत्यूंची कारणं शोधतोय. बहुतेक मृत्यू घरीच किंवा वाटेत झालेले, त्यामुळे डॉक्टरांचा दाखला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ची व्हर्बल ऑटोप्सीची (घरच्यांना विचारून मृत्यूचं कारण ठरवण्याची) प्रश्नावली घेऊन घरोघरी जातो. क्षयरोग, सिकलसेल, सर्पदंश ही कारणं विचारपूस केली की बरीचशी उलगडतात.

अडलंय ते दोन नोंदींवर. दोघी बाळंतपणानंतर ४२ दिवसांच्या आत भाजून गेल्या. सासरचे म्हणतात स्टोव्हचा भडका, माहेरचे गप्प. अपघात मानला तर तो योगायोगाचा, म्हणजे बाळंतपणाशी संबंध नसलेला मृत्यू, मातामृत्यूच्या प्रमाणात येत नाही. आत्महत्या मानली तर त्याच संघटनेच्या २०१२च्या वर्गीकरणानुसार थेट मातामृत्यू. म्हणजे एका शब्दावर आख्खा आकडा फिरतो!

आशाताई आणि शेजारणींशी वेगवेगळं बोलून झालंय. पोलिसांकडे 'अकस्मात मृत्यू' एवढंच. शवविच्छेदनाचा अहवाल मागितला, मिळाला नाही. घरच्यांना पुन्हा खोदून विचारायचं नाही. लेकरं तिथेच वाढतायत. कुणाला अडकवायचंही नाही, नावं आधीच काढून टाकली आहेत. प्रश्नावलीच्या उत्तरांवरून संगणकाने काढलेलं कारण सुचवू नका, त्यालाही उत्तर घरच्यांच्याच जबानीतून मिळतं.

ज्यांनी असं काम केलंय त्यांना विचारतो : हेतू ठरत नसेल तेव्हा तुम्ही 'हेतू अनिश्चित' असा कोड देऊन मातामृत्यू मोजता, की बाहेर ठेवता? आणि अहवालात ते कसं मांडता?