तिकीट नसलं तरी जा

ऑलिंपिक चालू असताना तिकीट नसेल तर एका दिवसापुरतं त्या शहरात जाण्यात अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय. अर्थ आहे, खूप आहे!

२०१२ साली आम्ही सकाळी लंडनला जाऊन रात्री परतलो, तेही तिकिटाशिवाय. ७ ऑगस्टला हाइड पार्कमध्ये पुरुषांची ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकलिंग आणि धावणं अशी सलग शर्यत होती. स्टँडला तिकीट होतं, पण बाकी बराचसा मार्ग सगळ्यांना खुला. सर्पेंटाइन तलावातलं पोहणं लांबून नुसतं टोप्यांपुरतं दिसलं. धावण्याचे १० किलोमीटर मात्र चार फेऱ्यांत होते, त्यामुळे कठडा धरून एकाच जागी उभं राहिलो तरी धावपटू पुन्हा पुन्हा समोरून गेले. त्यांच्या श्वासाचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. ब्रिटनच्या जोनाथन ब्राउनलीला ठरलेल्या रेषेआधीच सायकलवर घाईने बसल्याबद्दल १५ सेकंद थांबण्याची शिक्षा झाली होती. ती भोगूनही त्याने कांस्य मिळवलं. सुवर्ण त्याच्याच भावाला, अ‍ॅलिस्टरला. तेव्हा उठलेला जल्लोष अजून कानात आहे.

म्हणून मॅरेथॉन, ट्रायथलॉन, सायकलिंगचं वेळापत्रक आधी बघा आणि फेऱ्या असलेलाच टप्पा निवडा. नाहीतर सायकलींचा घोळका डोळ्यांसमोरून काही सेकंदांत निघून जातो. मुलं सोबत असतील तर बरंच लवकर पोहोचा, कठड्यालगतची जागा पटकन भरते.