पहिली जुनी लष्करी रायफल कोणती घ्यावी? (इतिहास शोधता यायला हवा)

कागदवेडा:
नमस्कार मंडळी. संगिनी, पट्टे, बिल्ले असं बरंच जमवून झालं, आता एक रायफल घ्यायची आहे. एकच. परवाना, नोंदणी सगळं मार्गी लागलंय, त्यामुळे तो विषय कृपया नको. गोळी झाडायची नाही. अंगावरचे शिक्के वाचून ती कुठे बनली, कोणत्या पलटणीत गेली, कुणाकडून कुणाकडे आली हे जमेल तितकं शोधता येईल अशी रायफल हवी. बजेट माफक: साधारण अवस्थेतली रायफल आणि शिक्क्यांचं एखादं पुस्तक, एवढ्यात बसवायचं आहे. स्नायपर, दुर्मीळ वगैरे झेपणार नाही. डोक्यात तीन नावं आहेत: ब्रिटिश शॉर्ट ली-एनफिल्ड, रशियन मोसिन-नागां, जर्मन माउझर ९८ के. यातली सगळ्यात बोलकी कोणती?

तीनशेतीन:
एनफिल्ड. विषय संपला.
बोल्टच्या (काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) मागे, दस्ता जिथे सुरू होतो तिथल्या लोखंडी कड्याच्या उजव्या बाजूला बघा. मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखाना, साल, मॉडेल, सगळं एका जागी वरून खाली लिहिलेलं असतं. माझी १९१५ ची मार्क ३ आहे, दस्त्यावर पितळी चकती शाबूत. चकतीवर पलटणीचं संक्षिप्त नाव आणि रायफलीचा क्रमांक. १९१६ मध्ये मार्क ३ स्टार आली तेव्हा काम वाचवायला लांब पल्ल्याच्या व्हॉली साइट्स (सगळ्यांनी मिळून मारा करताना वापरायचे नेम) आणि मॅगझिन कट-ऑफ (मॅगझिनमधली काडतुसं रोखून धरणारी पट्टी) काढून टाकले. माझ्या रायफलीवर दोन्ही आहेत. अशी आता सहज मिळत नाही.

आल्प्सकर:
तुमच्या यादीत नाही, पण स्विस के ३१ घ्या. स्वित्झर्लंडमध्ये सैनिक आपली रायफल घरी ठेवत. दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी दोन स्क्रू काढून उघडा. आत बऱ्याचदा घडी घातलेली चिठ्ठी सापडते: सैनिकाचं नाव, तुकडी, कधी गावसुद्धा. माझ्या रायफलीत निघाली. कागद पिवळा पडलाय, पण टंकलेखन स्पष्ट आहे. बाकी देशांच्या रायफलींवर पलटणीपर्यंत पोचता येतं, इथे थेट माणसापर्यंत. बोल्ट सरळ मागे ओढायचा, फिरवायचा नाही, आणि यंत्रकाम असं की हातात घेतल्यावर बाकी सगळं ओबडधोबड वाटतं.

भीमटोला:
गॅरंड घ्या. स्प्रिंगफील्ड, विंचेस्टर, इंटरनॅशनल हार्वेस्टर, हॅरिंग्टन अँड रिचर्डसन, चारच अमेरिकी कारखाने, क्रमांकावरून बनल्याचा काळ कळतो. थोडे पैसे साठवा, वर्षभर थांबा, पण घ्यायची तर ही. मी तसंच केलं.

कागदवेडा:
धन्यवाद. गॅरंड बजेटच्या बाहेर आहे. के ३१ च्या चिठ्ठीचं माहीत नव्हतं. ती दर वेळी असते का?

आल्प्सकर:
नाही. आधीच्या मालकाने काढून ठेवलेली असते किंवा कागद कुजलेला असतो. विकणाऱ्याला तुमच्यासमोर पट्टी उघडायला सांगा.

उत्तरध्रुव:
मोसिनबद्दल कोणी बोलणार की नाही? १८९१ पासूनची रायफल, आणि जितके हात तिने बदललेत तितके कुणी नाही. ताऱ्याचा शिक्का म्हणजे रशियातल्या तुला शहरातला कारखाना, त्रिकोणातला बाण म्हणजे इझेव्स्कचा. पण खरी मजा फिनलंडच्या रायफलींत आहे. चौकटीत 'एस ए' दिसलं की ती फिनिश सैन्याची. पहिल्या महायुद्धात झारने अमेरिकेत रेमिंग्टन आणि न्यू इंग्लंड वेस्टिंगहाउसकडून मोसिन बनवून घेतल्या. त्यांतल्या काही पुढे फिनलंडच्या सैन्यात पोचल्या. म्हणजे एकाच लोखंडावर अमेरिकी कारखाना आणि फिनिश चौकट!
आणखी एक. फिनिश एम ३९ चा बाहेरचा शिक्का चाळीसच्या दशकातला असतो, पण दस्ता उतरवून मागच्या शेपटीखाली बघा. तिथे रिसीव्हरचं (बोल्ट ज्यात बसतो त्या मुख्य लोखंडी भागाचं) मूळ साल असतं, आणि ते १८९० च्या दशकातलंही निघतं, कारण फिनलंडने जुने रशियन रिसीव्हर वापरले. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक 'पुरातन' धरली जाते, म्हणून तिथले लोक ही शेपटी शोधत असतात.

तीनशेतीन:
रशियन मोसिन जवळजवळ सगळ्या दुरुस्तीखान्यातून गेलेल्या. चौकोनात तिरकी रेघ दिसली की समजा, सुटे भाग एकत्र करून बांधलेली, लाकडावर जाड लाखेचा थर. क्रमांक जुळतात, कारण जुळवून घातलेत. त्यात इतिहास कुठला?

उत्तरध्रुव:
दुरुस्ती हाही इतिहासच आहे. तुमच्या एनफिल्डवरचा 'एफ टी आर' काय आहे मग? कारखान्यात नेऊन पूर्ण उघडून पुन्हा बांधलेली, एवढाच त्याचा अर्थ. ते चालतं आणि रशियन चालत नाही, हे कसं?

तीनशेतीन:
माझ्यावर एफ टी आर नाही.

नळीसफाई:
मोसिन घेतलीत तर जुन्या काडतुसांपासून सावध राहा. त्यांच्या प्रायमरमधून (काडतुसाच्या बुडातल्या पेट घेणाऱ्या टिकलीतून) क्षार सुटतात आणि नळी रातोरात गंजते. झाडून झाल्यावर लगेच अमोनियाने धुवा.

रसायनशाळा:
अमोनिया नको. पोटॅशियम क्लोरेट जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. तो पाण्यात विरघळतो. गरम पाणी, कोरडं फडकं, मग तेल. अमोनिया क्षार 'मारतो' ही ऐकीव गोष्ट आहे.

नळीसफाई:
मी कायम अमोनियाच वापरलाय, नळी आरशासारखी आहे.

रसायनशाळा:
तुमच्या द्रावणातलं पाणी काम करतंय.

कागदवेडा:
मंडळी, मी झाडणार नाहीये.

जुनाबाजार:
माउझरबद्दल लिहितो, कारण हात पोळलेत. 'सगळे क्रमांक जुळणारी ९८ के' म्हणून एका विक्रेत्याकडून घेतली. नाव घेत नाही. घरी भिंगाखाली बोल्ट धरला. नव्या आकड्यांखाली कानशीच्या बारीक रेघा आडव्या गेलेल्या, त्या भागातला पृष्ठभाग बाजूपेक्षा किंचित खोल आणि चकचकीत. रिसीव्हरवरच्या क्रमांकातला ४ वरून उघडा, बोल्टवरचा बंद. म्हणजे जुना क्रमांक घासून नवा ठोकलेला. पैसे परत मिळाले नाहीत.
ज्यांना घ्यायची त्यांनी हे बघा. 'बी वाय एफ' म्हणजे माउझरचा ओबर्नडॉर्फ कारखाना, 'बी एन झेड' म्हणजे श्टायर, 'सी ई' म्हणजे झाउअर. गरुडाखालचा आकडा तपासणी कार्यालयाचा असतो, तो कारखान्याशी आणि सालाशी जुळायला हवा. लाल सैन्याने जप्त केलेल्या रायफलींवर भाग अदलाबदल झालेले, बोल्टवर विजेच्या लेखणीने क्रमांक कोरलेला आणि लाकडावर लाख असते. त्या स्वस्त असतात आणि त्यांत खोटेपणा नसतो. जुळणाऱ्या क्रमांकांसाठी जास्तीचे पैसे मात्र कुणी मोजू नका.

भीमटोला:
म्हणूनच म्हणालो, गॅरंड.

वाचनमात्र:
के ३१ च्या दस्त्यात सैनिकाची चिठ्ठी असते असं ऐकलंय. ती बघा.

पुराभिलेख:
धागाकर्ते, तुमचा मूळ प्रश्न इतिहास शोधण्याचा आहे, त्याबद्दल थोडं.
क्रमांकावरून सैनिकाचं नाव मिळेल ही आशा ब्रिटिश रायफलींबाबत सोडून द्या. कोणत्या शिपायाला कोणता क्रमांक दिला याच्या याद्या पलटणीत असायच्या आणि काम संपलं की टाकून दिल्या जायच्या. मिळते ती पलटण, तीही चकती किंवा दस्त्यावरचा ठसा असेल तरच. पलटण आणि साल हाती आलं की लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पहिल्या महायुद्धाच्या युद्ध-रोजनिश्या आहेत, डब्ल्यू ओ ९५ या मालिकेत. बटालियन रोज कुठे होती, काय घडलं, हाताने लिहिलेलं सापडतं. म्हणून मी रायफल निवडताना क्रमांक बघत नाही, पलटणीचा ठसा बघतो.
आणि रायफल किती प्रवास करते याचा नमुना लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. एसेक्स रेजिमेंटची शॉर्ट एनफिल्ड गॅलिपोलीत तुर्कांच्या हाती पडली. तुर्कांचा युद्धमंत्री एन्व्हर पाशाने तिच्यावर सोन्याच्या अक्षरांत लेख कोरून ती अरब राजपुत्र फैसलला भेट दिली, फैसलने टी. ई. लॉरेन्स या ब्रिटिश अधिकाऱ्याला, लॉरेन्सने राजा पाचव्या जॉर्जला. लॉरेन्सने दस्त्यावर कोरलेली आद्याक्षरं आणि तारीख, ४.१२.१६, आजही आहेत. क्रमांकाने एवढं सांगितलं नसतं. कुणीतरी लोखंडावर आणि लाकडावर लिहून ठेवलं, म्हणून कळलं.
शेवटचं: लाकूड घासू नका. पॉलिश पेपर फिरवला की ठसे गेले, ते परत येत नाहीत. मऊ फडकं आणि थोडं जवसाचं तेल, बस.

मिठ्ठूलाकूड:
हलकं घासलं तर चालतं, मी माझी मस्त चकचकीत केली आहे.

पुराभिलेख:
नाही चालत. कृपया करू नका.

डोंगरवाट:
एक वेगळा पर्याय सुचवते. मार्टिनी-हेन्री. १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेली, खालच्या लिव्हरने उघडणारी, एका वेळी एकच काडतूस. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात नेपाळी सैन्याची हत्यारं पिढ्यान्‌पिढ्या पडून होती. २००३ मध्ये तो साठा अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतला आणि मार्टिनी आणि स्नायडर, ब्रन्सविक अशा जुन्या ब्रिटिश धर्तीच्या रायफली बाजारात आल्या. त्यांच्यावर नेपाळी सैन्याने देवनागरीत ठोकलेली अक्षरं आणि आकडे असतात! बाकी जगातले संग्राहक त्यांचे फोटो टाकून 'हे काय लिहिलंय' विचारत बसतात. आपण निदान अक्षरं तरी वाचू शकतो.

तीनशेतीन:
त्या मळाने माखलेल्या असतात, स्प्रिंगा गेलेल्या, लाकूड चिरलेलं. पहिली रायफल म्हणून मुळीच नको. आणि त्या दिशेच्या मालात खैबरची नक्कल गळ्यात पडते.

जुनाबाजार:
खैबरबद्दल +१. पाकिस्तानात दर्रा आदमखेलच्या बाजूला हाताने घडवलेल्या नकला कारागिरी म्हणून थक्क करतात, पण शिक्के नुसते चित्र बघून काढलेले. 'एन' उलटा, स्पेलिंग चुकलेलं. मुकुटाखाली 'व्ही आर' आणि साल १९०३ असेल तर ठेवून द्या: व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली.

डोंगरवाट:
खैबर वेगळं, काठमांडूचा साठा वेगळा. तिथल्या ब्रिटिश रायफली अस्सल सरकारी आहेत. नेपाळने स्वतः बनवलेली गहेंद्रसुद्धा आहे, बाहेरून मार्टिनीसारखी, आत मात्र वेगळी, चपटी स्प्रिंग. ती नक्कल नव्हे, तिचं स्वतःचं स्थान आहे.

उत्तरध्रुव:
सगळं ठीक, पण पहिली घ्यायची तर फिनिश मोसिन. पुन्हा सांगतो.

आल्प्सकर:
चिठ्ठी विसरू नका.

कागदवेडा:
सगळ्यांचे आभार. पुराभिलेख यांचा प्रतिसाद छापून ठेवलाय.
घेतली. मार्टिनी-हेन्री मार्क २, काठमांडूच्या साठ्यातली, एका वयस्कर संग्राहकाकडून. बहुतेकांनी नको सांगितलं होतं, याची कल्पना आहे. लिव्हर जड चालते आणि पुढच्या लाकडाला लांब चीर आहे, पण पैसे के ३१ पेक्षा कमी लागले. उजव्या बाजूला मुकुट, व्ही आर, एनफिल्ड, साल १८८०, खाली मार्कचे दोन दंड. सालाला मार्क २ शोभते, कारण ती १८७७ ची. अक्षरं एकसारख्या खोलीची, एन सुलटा.
नळीच्या मागच्या भागावर मळ हळूहळू रॉकेलने काढला. आधी फक्त एक आडवी रेघ दिसली, मग तिच्याखाली लोंबणारी अक्षरं. शिरोरेखा! लोखंडावर, छिन्नीने ठोकलेली. त्यापुढे आकडे. मला ३४८ वाटतंय. दस्त्यावरही आकडे आहेत, तिथे ३१९ वाटतंय. फोटो खाली देतोय. म्हणजे लाकूड दुसऱ्या रायफलीचं का?

डोंगरवाट:
अभिनंदन! घाई करू नका. जुन्या नेपाळी वळणात ५, ८ आणि ९ आपल्यापेक्षा वेगळे काढतात. तुमच्या फोटोत नळीवरचा शेवटचा आकडा मला ९ वाटतोय, ८ नाही. दस्त्यावरचा मधला आकडा लाकूड दबल्यामुळे अर्धाच दिसतोय, तो ४ असू शकतो. तसं असेल तर दोन्हीकडे ३४९ होतं आणि लाकूड तिचंच आहे. टॉर्च अगदी आडवा धरून, उजेड एका बाजूने पाडून पुन्हा फोटो काढा. चार अंकी आकडा कुठे दिसला तर ते विक्रम संवत असू शकतं, ५६-५७ वजा करून बघा.

पुराभिलेख:
आडव्या उजेडाला अनुमोदन. आणि अक्षरांच्या खाचांतला मळ टोकदार हत्याराने कोरू नका, रॉकेलमध्ये भिजवलेला कापूस रात्रभर ठेवा. विकणाऱ्याकडून खरेदीची जुनी पावती असेल तर तीही मागून घ्या. काठमांडू ते तुमच्यापर्यंतचा शेवटचा टप्पा त्या कागदावरच आहे.

तीनशेतीन:
स्प्रिंग तपासून घ्या. आणि पुढची एनफिल्ड.

कागदवेडा:
पावती मागितली आहे. कापूस लावून ठेवलाय. उद्या सकाळी आडव्या उजेडात फोटो टाकतो.