'पँडेमिक' खेळवून आपत्ती-नियोजन: सत्र कसं बसवावं?

रानजाई: एनएसएसच्या १६ मुलांसाठी पावसाळ्याआधी दोन तासांचं सत्र आहे. पूर, दरड अशा वेळी कामं कशी वाटून घ्यायची, हा विषय. 'पँडेमिक'चे (चौघांनी मिळून जगभर पसरणारे रोग आटोक्यात आणायचा बोर्ड गेम) चार संच मिळतायत. पातळी कोणती ठेवू? आणि एखादा हुशार सगळ्यांच्या चाली ठरवायला लागला की काय करायचं?

सोंगटी: चारच एपिडेमिक (साथ भडकवणारे) पत्ते घ्या, ती सोपी पातळी. २०१३च्या आवृत्तीत ४८ शहरं आणि ५ इव्हेंट मिळून ५३ पत्ते. चौघांना दोन-दोन वाटले की ४५ उरतात, त्यात हे ४, म्हणजे ४९. दर पाळीला दोन पत्ते उचलायचे, म्हणजे पुऱ्या पाळ्या २४, माणशी फक्त सहा. हे गणित आधीच फळ्यावर मांडा. नवखे गट शहरांवरचे रोगाचे ठोकळे उचलत बसतात आणि पत्ते संपून हरतात. जिंकायला रोगांवर औषधं शोधायची असतात; एका औषधाला एका रंगाचे पाच पत्ते लागतात (सायंटिस्टच्या भूमिकेला चार), आणि पत्ता द्यायचा तर दोघं एकाच शहरात हवेत, पत्ताही त्याच शहराचा हवा (रिसर्चर देत असेल तर कोणताही चालतो). भेटीचं ठिकाण एक फेरी आधी ठरलं नाही तर चाली वाया जातात. नियोजन शिकवायचं ते इथेच.

एक चूक हमखास होते. एपिडेमिक निघाल्यावर इन्फेक्शनचे (कोणत्या शहरात रोग वाढणार ते सांगणारे) फक्त टाकलेले पत्ते पिसून त्यांच्या गड्डीच्या वर ठेवायचे. सगळी गड्डी एकत्र पिसली तर खेळ सोपा होतो आणि मुद्दाच जातो: जिथे एकदा फटका बसला तिथेच पुन्हा बसतो. (आपल्याकडे पाणीही दरवर्षी त्याच सखल वस्त्यांत शिरतं.)

उलटा_फासा: हुशार मुलाबद्दल. एकजण उंटावरून शेळ्या हाकतो नि बाकीचे मम म्हणतात, हा या खेळाचा जुना रोग. पत्ते झाकून धरायला लावा. ज्याची पाळी, निर्णय त्याचा, दोन मिनिटांत. इतरांनी माहिती द्यायची, सल्ला नाही: "माझ्याकडे दोन काळे आहेत" चालेल, "तू मुंबईला जा" चालणार नाही. प्रत्येकाची भूमिका (तिच्यासोबत खास अधिकार येतो) चिठ्ठ्या काढून ठरवू नका. डिस्पॅचर दुसऱ्यांच्या सोंगट्या हलवतो, म्हणजे अशा मुलाच्या हाती कोलीतच. मेडिक, सायंटिस्ट, रिसर्चर आणि ऑपरेशन्स एक्स्पर्ट पुरेत.

सोंगटी: +१. खोक्यावर ४५ मिनिटं लिहिलंय, नवख्यांना तास-सव्वा तास धरा.

कंदील७: एक उणीव भरून काढा. इथे अख्खा नकाशा सगळ्यांना दिसतो, खऱ्या पुरात तसं नसतं. दुसरा एपिडेमिक निघाला की डाव थांबवा आणि प्रत्येक टेबलावरचा एकजण शेजारच्या टेबलावर पाठवा. जाण्याआधी त्याने पाच ओळींची चिठ्ठी लिहायची: कोणत्या शहरांत तीन ठोकळे साचलेत, कोणाकडे कोणता रंग आहे, गड्डीत किती पत्ते उरलेत, पुढची भेट कुठे, आउटब्रेक (रोग शेजारच्या शहरांत उसळणं) किती झाले. येणाऱ्याने त्या चिठ्ठीवरूनच खेळायचं, तोंडी काही विचारायचं नाही. "परिस्थिती गंभीर आहे" एवढंच लिहिलेली चिठ्ठी किती निकामी असते ते पहिल्याच पाळीत कळतं.

रानजाई: आभार! संच दोनच मिळाले तर?

उलटा_फासा: एका भूमिकेमागे दोघं बसवा. एकाच्या हातात पत्ते, दुसऱ्याच्या हातात सोंगटी, आणि दर फेरीला अदलाबदल. फक्त वेळ दोनऐवजी तीन मिनिटं द्या आणि चर्चेला २० मिनिटं राखून ठेवा, मग डाव अर्धवट राहिला तरी चालेल.