कपॅसिटर भरताना अर्धी ऊर्जा जाते कुठे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीला राहतो. मुलगी बारावी सायन्सला आहे आणि कपॅसिटरच्या (सर्किटमध्ये थोडी वीज साठवून ठेवणारा छोटा भाग) धड्यावर आम्ही दोघं अडलोय.

रविवारी ठाणे स्टेशनजवळून १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर आणला. ९ व्होल्टच्या बॅटरीवर भरला, बॅटरी काढली आणि १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून लाल एलईडी जोडला. दिवा लख्ख लागला, मग मंदावत मंदावत विझला. लेक खूश! प्लेटांमधल्या विद्युत क्षेत्रात ऊर्जा साठते, हे तिला त्या क्षणी पटलं.

मग तिने वहीत गणित मांडलं. बॅटरीतून ९ मिलिकूलोम प्रभार गेला, म्हणजे बॅटरीने दिले ८१ मिलिज्यूल. पण कपॅसिटरमधल्या ऊर्जेचं सूत्र, अर्धा सीव्ही वर्ग (½CV²), वापरून काढलं तर साठले ४०.५च. "बाबा, उरलेली अर्धी?" मी म्हटलं, भरताना वाटेतल्या रेझिस्टन्समध्ये उष्णता होऊन गेली. "मग रेझिस्टन्स दहापट कमी केला तर?" तरीही अर्धीच जाते! करंट दहापट वाढतो, पण वेळ दहावा हिस्सा लागतो. कागदावर हे दाखवलं, पण तिला ते डोळ्यांसमोर दिसायला हवंय. गच्चीवरच्या टाकीचं उदाहरण दिलं, ते काही तिच्या गळी उतरलं नाही.

इथे फिजिक्स शिकवणारं कुणी आहे का? आधी ४.५ आणि मग ९ व्होल्टवर, असा दोन टप्प्यांत भरला तर नुकसान निम्म्यावर येतं. हे घरच्या साध्या मल्टिमीटरने तिला कसं दाखवता येईल? पुढच्या रविवारी करून बघायचंय.