मदत हवी आहे: संचालक मंडळ आणि मी एका वाटेवर कसे येऊ?

नमस्कार मंडळी. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची मी अध्यक्ष आहे. दोन-तीन एकर कोरडवाहू असलेल्यांच्या तुरीला नीट भाव मिळावा, एवढ्यासाठीच मी ही जबाबदारी घेतली. संचालक मंडळाला मात्र उलाढाल वाढवायची आहे; बाहेरच्या व्यापाऱ्यांचाही माल घेऊ म्हणतात. त्यांचंही चूक नाही, गोदामाचं कर्ज डोक्यावर आहे. पण शेअर कितीही असोत, कायद्याने प्रत्येक शेतकरी सभासदाला मत एकच, ते उगाच नाही ना! ज्याने जितका माल दिला त्या प्रमाणात वर्षाअखेर बोनस दिला, तर दोन्ही साधेल का? आमसभेत असा ठराव कुणी मांडलाय का? तेव्हा संचालकांना कसं पटवलंत? मसुदा असेल तर कृपया पाठवा.